कुमुदताईंची वेलची

आमच्या शेजारच्या कुमुदताई भेटल्या की माणसं नमस्कार करत नाहीत, नाक पुढे करतात. कारण ताई बोलायच्या आधी समोरच्याच्या तोंडावर 'हाऽऽ' असा लांब श्वास सोडतात आणि विचारतात, "कसला वास आला, सांग?"

मुलुंडच्या या सोसायटीत राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं. माझ्या हातात गॅसची शेगडी, समोर अनोळखी बाई आणि तोंडावर 'हाऽऽ'. मी गांगरून शेगडीच घट्ट धरली. "वेलची रे, वेलची!" त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून चार वर्षं मी न चुकता 'वेलची' म्हणतोय.

ताई एके काळी नाटकात नायिका होत्या. एकदा भर प्रयोगात तोल गेला आणि त्या सोफ्याऐवजी नाटकातल्या सासऱ्यांच्या मांडीवर जाऊन बसल्या. पुढच्या दोन प्रयोगांत पुन्हा तेच. कानाच्या आतला आजार होता, एकदम गरगरायचं. डॉक्टरांना तो सापडायला आठ महिने लागले. लोकांना निदान करायला एक मध्यंतर पुरलं : "बाई घेऊन येते."

गोळ्यांनी चक्कर थांबली. कामाचे फोन त्याआधीच थांबले होते, ते काही पुन्हा सुरू झाले नाहीत.

कानाचा रिपोर्ट ताईंनी लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवलाय. तो भाजीवाल्याने पाहिलाय, वॉचमनने पाहिलाय, मी तर तीनदा. आणि फोन वाजला की आजही तिसऱ्या रिंगपर्यंत थांबतात. "लगेच उचलला तर वाटतं, बाई रिकामीच बसलीये."

गेल्या महिन्यात एक फोन खरंच आला. मालिकेत आठ दिवसांचं काम. भूमिका, दारुड्या मावशीची. "मॅडम, तुमचंच नाव आधी सुचलं," म्हणे.

ऑडिशनच्या आदल्या दिवशी ताई संवादांचे कागद घेऊन आमच्या स्वयंपाकघरात हजर. भाचा मी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पडदा ओढला होता, तोही अर्ध्यात अडकला, एवढाच माझा रंगभूमीचा अनुभव. ताईंनी मात्र वाक्यं अशी टाकली की गॅलरीत कपडे वाळत घालणारी माझी बायको वैशाली पिळा हातात धरून ऐकत राहिली. पण ताई उभ्या होत्या खांबासारख्या ताठ.

"ताई, थोडं डुलायला हवं ना?"

"नाही डुलणार. वीस वर्षं सरळ उभी राहिलेय मी. आता डुलले तर म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो?" त्यांनी कागद टेबलावर टाकले. "नाही म्हणून कळवते उद्या." हात मात्र कागदांवरून निघेना.

एकदम त्या ओरडल्या, "अरे, दूध करपतंय! शेजारी बसून तुला वास येत नाही?"

"त्यांना कुठला वास?" वैशालीने धावत येऊन गॅस बंद केला. "करोनात गेला तो गेलाच. इथे यायच्या आधीपासून."

ताई माझ्याकडे वळल्या. "मग चार वर्षं वेलची कुठून सांगत होतास?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, पहिल्या दिवशी."

"आणि तू धरून चाललास?"

"मग? तुम्ही खोटं कशाला सांगाल?"

ताईंनी करपलेलं पातेलं उचलून सिंकमध्ये ठेवलं.

"वीस वर्षांपूर्वी कुठे होतास रे तू?"

"भांडुपला."

त्या हसल्या, ओढणीने डोळे पुसले. "तिसरं पान काढ."

मी भाच्याचं वाक्य वाचलं. ताई दारातून आत आल्या आणि अशा झोकांडल्या की मी कागद टाकून त्यांचा दंड धरला.

"सोड," त्या हळूच म्हणाल्या. "पडत नाहीये रे. काम करतेय."