अकरा घरांचे हरीनाना

आमचे हरीनाना बांधावर पालथे पडून खेकड्याच्या बिळात खांद्यापर्यंत हात घालतात आणि त्याच अवस्थेत येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. बीळ किती खोल, कुठं वळलंय, हे वहीत टिपतात आणि मग चिखल कोंबून ते बुजवतात.

"काय नाना, बायको शोधताय काय बिळात?" कुणीतरी ओरडतंच.

"पुरावा शोधतोय!"

पेणच्या खाडीकाठी आमचं साठ घरांचं गाव होतं. एका उधाणात समुद्राकडचा बांध फुटला आणि खारं पाणी भातशेतीत शिरलं. गाव देवळासमोर जमलं. भगताच्या अंगात आलं. विटाळाची बाई बांधावरून चालली म्हणून देवी कोपली, असं त्यानं सांगितलं. आदल्या दिवशी बांधावरून गेली होती ती नानांची बायको, सुमनकाकू. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिसऱ्या दिवशी काकू एक पिशवी घेऊन रोह्याला माहेरी गेली, ती परत आलीच नाही.

जमिनीत मीठ मुरलं तसं गावही फुटलं. कुणी हमरापूरला गणपती रंगवायला गेलं, कुणी धाटावच्या कंपनीत शिफ्ट धरली. उरली अकरा घरं. नाना त्यांना 'शिल्लक मानवजात' म्हणतात.

"हडप्पा बुडालं, आपणपण बुडालो," ते सांगतात. "पण हडप्पावाले बुडताना अंगारा फासून बसले व्हते, याचा पुरावा नाय!"

नवं गाव उभं करायचं ते विचारावर, असं त्यांनी जाहीर केलं. पहिला कायदा: कारण कळल्याशिवाय माणसाला दोष द्यायचा नाही. यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरा कायदा: खेकड्यांची बिळं रोज बुजवायची. यावर निम्मे उठून गेले.

बांधाचं भगदाड बुजवायला भगतानं पुनवेचा मुहूर्त काढला. नाना पिसाळले. "अरे, पुनवेला उधाण असतं! समुद्र काय तुमचा जावई हाय, मानपान बघून थांबायला?" कुणी ऐकलं नाही. जावई आला आणि घातलेली सगळी माती घेऊन गेला.

मग नानांनी, ज्यांना पंचांग दिसलं तरी शिंका येतात त्यांनी, देवळातच पंचांग उघडलं. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आपल्या आजाला ठावं व्हतं. आजा अडाणी नव्हता, अडाणी आपण झालो." अष्टमीला भांगाची भरती असते, म्हणजे पाणी कमी चढतं आणि मंद असतं. त्या दिवशी अकरा घरांनी रांग धरून चिखल आणि पेंढा टाकला. शेवटी भगतही रांगेत उभा राहिला. बांध टिकला. दोन पावसाळ्यांनी मीठ धुऊन नेलं. यंदा भात पोटरीला आलं.

त्याच आठवड्यात नाना मला, त्यांच्या पुतणीला, म्हणाले, "रोह्याला येतेस गो? एकट्याला जमायचं नाय."

काकू अंगणात वाल पाखडत होती. नानांनी वही उघडली. बांध फुटला तिथं खाली कशी बिळंच बिळं होती, ती एकमेकांना मिळून बांध आतून कसा पोकळ झाला होता, सगळं नकाशासकट सांगितलं. काकूनं हात न थांबवता ऐकून घेतलं.

"माझ्या पावलांनी बांध फुटत नाय, ते मना त्याच दिवशी ठावं व्हतं," ती म्हणाली. "देवळासमोर समदी माझ्याकडं बघत व्हती, तवा तुमी कुठं व्हतात?"

"तिथंच."

"मग?"

मी नानांची अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचत वाढले, स्वतःही लिहिली. नानांच्या मदतीला धाडावं असं एक वाक्य मला सापडेना.

"भ्यालो," नाना म्हणाले.

काकूनं सूप खाली ठेवलं. आत जाऊन चहा करून आणला. आम्ही निघालो तेव्हा ती दारातून म्हणाली, "रविवारी या परत. माझं भांडायचं लय राहिलंय."

गाडीत नाना खिडकीशी बसले. नागोठणं गेल्यावर त्यांनी विचारलं,

"रविवारीच म्हणाली ना गो?"

"व्हय, नाना."

कासूला गाडी थांबली तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. पेणला उतरल्यावर स्टेशनच्या जिन्याच्या पायथ्याशी ते थांबले. आता तिसऱ्यांदा विचारणार म्हणून मी तोंड उघडलं.

"भांडणार म्हणाली," नाना म्हणाले. "म्हणजे बोलणार."