पाणी लुटणारी तुळसा आणि भागीरथीअक्का

भागीरथीअक्कांच्या गोष्टीतली चाचेबाई गलबते लुटायची ती पिण्याच्या पाण्यासाठी. सोन्याच्या पेट्या, रेशमाची ठाणे, हस्तिदंत यांना ती हातही लावीत नसे. टोपीकरांचे गलबत अडवले की कमरेवर हात ठेवून ती गरजे, "सोनं तुमचं तुम्हाला लखलाभ! गोड्या पाण्याची पिंपं तेवढी इकडं उतरवा!" पिंपे उतरली की ती खलाशांना सोडून देई, वर वाटेसाठी प्रत्येकाला एकेक तांब्या पाणीही देई.

यावर आजचे विद्वान हसतात. परवाच एका व्याख्यात्यांनी 'लेखिकेचे भाबडे अज्ञान' अशी या प्रसंगाची संभावना केली आणि सभेने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. त्या गृहस्थांनी वैशाखात सोलापुरात चार घागरींसाठी रांग धरली आहे काय? मी धरली आहे. अक्कांनी समुद्र पाहिला नव्हता, हे मान्य. पण तहान पाहिली होती. भर दर्यात माणसाला आधी कशाची वाण पडते, हे त्यांना कोणत्याही खलाशाइतके नेमके कळले होते.

त्या काळी मी येथील एका साप्ताहिकाच्या छापखान्यात खिळे जुळवीत असे. 'सारंग तुळसा' ही गोष्ट त्यात दर आठवड्याला येई. सारंग म्हणजे गलबताचा कप्तान. लेखकाच्या जागी 'एक दर्यावर्दी' एवढेच छापले जाई. हा दर्यावर्दी म्हणजे माझ्या शेजारच्या बापू मास्तरांची विधवा बहीण भागीरथीअक्का: लाल आलवण, पन्नाशीचे वय, आणि उभ्या आयुष्यातला सर्वांत दूरचा प्रवास अक्कलकोटपर्यंतचा. गोष्ट खुद्द मास्तरच लिहीत, असे म्हणणारे लोक अजून आहेत. त्यांनी मास्तरांना पाहिलेले नाही. रजेच्या अर्जाची सुरुवात कशी करावी, हे मास्तर बहिणीला विचारून घेत.

अक्कांनी घराचे गलबत केले होते. माळ्याची शिडी ही त्यांची डोलकाठी. मास्तर शाळेतून परतले की प्रश्न येई, "दादा, कुठल्या बंदरातून?" उठताबसता "शिडं सोडा!" हा घोष तर चालूच. एकदा चुलीवर दूध उतू गेले तेव्हा अक्का ओरडल्या, "गलबतात पाणी शिरलं!"

मास्तरांची पत्नी शांतपणे म्हणाली, "वन्सं, पाणी नव्हे, दूध आहे."

"मग तर लवकर उपसा की!"

गोष्टीत चुका होत्या, हे मी नाकारीत नाही. एकदा तुळसेने गलबत वाळूला टेकवून रात्रभर विश्रांती घेतली आणि सकाळी पाणी होते तिथेच होते. त्यावर कोकणातून आलेल्या एका पोस्टमास्तरांनी साप्ताहिकाला दोन पानी पत्र लिहिले. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी असते, हे त्यांनी आकृती काढून समजावले होते. ते पत्र मी अक्कांना वाचून दाखवले.

"दोनदा जातो आणि दोनदा येतो?" अक्का म्हणाल्या. "सिद्धेश्वराचं तळं बघा, कसं एका जागी बसून असतं! एवढं पाणी असून स्थिर म्हणून राहवत नाही? मी नाही असला समुद्र चालवून घ्यायची."

त्यांच्या गोष्टीत शेवटपर्यंत ओहोटी आली नाही.

गुरुवारी दुपारी नवे प्रकरण तयार होई आणि छापखान्याआधी ते ओट्यावर वाचले जाई. ऐकायला तीन बायका नेमाने येत. शेळीचे दूध घालणारी सायाबाई, हातमागवाल्या घरची नरसम्मा आणि कासारीण खातूनबी. बायका खालच्या पायरीवर, अक्का वर. वाचन संपल्यावर अक्का पुन्हा स्नान करीत. हे मीच सांगून टाकतो, म्हणजे इतरांना सांगायला उरणार नाही. परंतु तुळसेच्या गलबतावर या तिघींना मानाच्या जागा होत्या. चुकलेली शेळी कोसावरून ओळखणारी सायाबाई डोलकाठीवर टेहळणीला, नरसम्मा तोफेवर, खातूनबी सुकाणूवर. अक्कांना हळदीकुंकवाला कोणी बोलावीत नसे; शुभकार्याला निघालेली माणसे त्यांना पाहून थबकत. केवळ त्यांच्यासाठी म्हणून कोणी येई, असा वार आठवड्यात तेवढा एकच होता.

अशात वाचकांच्या तक्रारी येऊ लागल्या. एवढी मोठी बाई बिनलग्नाची किती दिवस हिंडणार? आमच्या मालकांनी माझ्याकरवी निरोप धाडला, की पुढच्या अंकात तुळसेचे लग्न लावावे, मग हवी तेवढी गलबते लुटावीत. नाहीतर गोष्ट बंद.

"नवरा आला की सुकाणू कोण धरील?" अक्कांनी विचारले.

"खातूनबी आहेत की."

"ती सुकाणू धरील. तुळसेनं काय धरायचं, लाटणं?" मग ओट्याच्या रिकाम्या पायरीकडे पाहत म्हणाल्या, "गोविंदराव, गोष्ट बंद झाली तर गुरुवारी या बायका कशाला येतील? सांगा मालकांना, लावते लग्न."

त्या शेवटच्या प्रकरणाचे अखेरचे पान मी छापखान्यात हरवले, असा प्रवाद या गावात आजतागायत चालू आहे. मी त्या दुपारी मजकूर न्यायला ओट्यापाशी उभा होतो. प्रवाद पसरवणाऱ्यांपैकी तिथे कोणीही नव्हते.

लग्न थाटात लागले. डोलकाठ्यांना केळीचे खांब बांधले, वाजंत्र्याऐवजी नरसम्माने तोफा डागल्या, पाचशे चाच्यांना शेंगापोळ्यांचे जेवण झाले. गलबत लागून ओकाऱ्यांनी बेजार झालेल्या नवरदेवाला चौघांनी धरून उभे केले. बायका हसून लोळत होत्या. अक्कांनी शेवटची ओळ वाचली: "अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, आणि तुळसेने मान वर करून पाहिले." पान तिथेच संपले होते.

"मग? कसा हुता?" सायाबाईने विचारले.

"तेच तर सुचत नाही की गं," अक्का म्हणाल्या. "चार दिवस लेखणी धरून बसलेय. माझ्या लग्नात मी सात वर्षांची. मुहूर्त लांबला तशी मामाच्या खांद्यावर झोपून गेले. जागी झाले तेव्हा वऱ्हाड पांगलं होतं. सासरी नेणार म्हणत होते, तोवर प्लेगाची साथ आली, त्यात ते गेले. कसे होते, मला ठाऊकच नाही."

मग खातूनबी खाकरली. "अक्का, मैं तो आईने में देखी. आईना छोटा, आदमी की नाक बडी. निकाह के दिन मेरेकू सिरफ नाकच दिखी!"

"आमच्यात नवऱ्याच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात," नरसम्मा म्हणाली. "ऊन लई होतं. गूळ पाघळून कपाळावर आला, त्याच्यावर माशी बसली. मी तोंड कुठं बघितलं? माशीच बघत होते की!"

"म्या तर डोळंच मिटून घ्येतलं," सायाबाई म्हणाली. "उघडलं तवा फेट्याचा शेमला दिसला. म्हनलं, मानूस हितंच असंल कुटंतरी."

अक्का मन लावून ऐकत होत्या. नाक कोणत्या बाजूला वळलेले होते, माशी कितीदा उठली आणि बसली, हेही त्यांनी विचारून घेतले. मला वाटले, प्रकरण पुरे झाले. पण त्यांनी लेखणी उचललीच नाही. पान जसे होते तसे माझ्या हाती दिले.

"अहो, आता तीन तीन नवरे मिळाले. एखादा घाला की," मी म्हणालो.

"ते यांचे आहेत, गोविंदराव. माझ्या तुळसेला उसना कशाला?"

"मालक गोष्ट बंद करतील."

"करू द्या."

त्या हे सहज म्हणाल्या. पण आलवणाचा पदर चाचपणारा त्यांचा हात मला दिसला.

"बंद म्हंजी?" सायाबाई उठता उठता थांबली. "आन गुरवारी आमी काय करायचं?"

नरसम्मा लुगडे झटकून पायरी उतरली. "काय करायचं म्हणजे? माझा नवरा तर माशीपाशीच राहिला. पुढचा सगळा सांगायचाय. येते की गुरुवारी."