देवदानमामांचा नबो

बहारीनमधल्या माहूज भागातल्या आमच्या इमारतीत लिफ्ट होती, तरी देवदानमामा साळवे पाठीवर दहा किलो तांदळाची गोणी घेऊन जिन्यानं चढत. रोज सकाळी पाच मजले, चार खेपा. तांदूळ शिजवायचा नव्हता. तीन वर्षं तीच गोणी.

मामा नगरकडचे ख्रिस्ती, एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. मी रत्नागिरीचा सलीम, त्यांच्याच कंपनीत कारकून आणि त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधला शेजारी. पहिल्यांदा जिन्यात भेटले तेव्हा मला वाटलं, हा माणूस हमालीचा जोडधंदा करतो.

"सराव करतोय," ते धापा टाकत म्हणाले. "नबो चढायचाय!"

नबो म्हणजे जॉर्डनमधला डोंगर. मरण्याआधी मोशेनं त्याच्या माथ्यावरून देवानं कबूल केलेला देश पाहिला. नुसता पाहिला, आत पाऊल टाकता आलं नाही. आमच्याकडे तेच मूसा नबी, त्यामुळे माझी बायको रझिया मामांना फार मानायची.

बहारीन म्हणजे तव्यासारखा सपाट मुलूख. मामांना त्याचा अगदी मनापासून राग होता. शुक्रवारी ते मला इथल्या एकुलत्या एक डोंगरावर, जबल दुखानवर, ओढून नेत आणि वर पोचल्यावर तुच्छतेनं विचारत, "दम लागला? नाही ना? मग हा डोंगर नव्हे, उंबरठा!" दम हे त्यांचं मोजमाप. व्हिसाची रांग असो की रझियाचं तिखट सालन, "दम लागला म्हणजे खरं!"

पुढे त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिने बंद. मामा म्हणाले, "मोशे एकशेविसाव्या वर्षी चढला. त्याच्या गुडघ्याचा एक्स-रे कुणी काढला होता?"

अखेर एका वर्षी मार्चात, ईदच्या सुट्टीत सगळं जुळलं. माझंही तिकीट त्यांनीच काढलं. नबोजवळच्या मदाबा गावात ईसा नावाचा टॅक्सीवाला भेटला. तोही ख्रिस्तीच. निघताना तो सहज म्हणाला, "यल्ला, चला! वीस मिनिटांत माथ्यावर. गाडी वरपर्यंत जाते."

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. "वरपर्यंत?" मग एकदम गरजले, "मफी गाडी! गाडी नको, खलास! पायथ्याला सोड!"

ईसानं कपाळाला हात लावला, आम्हाला मूसाच्या झऱ्यांपाशी उतरवलं आणि स्वतः माथ्यावर जाऊन थांबला.

अर्ध्या चढावर गुडघ्यानं संप पुकारला. मामा दगडावर बसले. मेंढपाळांच्या तंबूतून एक म्हातारी आली. तिनं गोड चहा पाजला आणि विचारलं, "कुठं निघालात?"

"मूसाकडे," मामा आपल्या मोडक्या अरबीत म्हणाले.

म्हातारीनं आपली काठी त्यांच्या हातात दिली.

शेवटचं वळण घेतलं आणि मामा थबकले. समोरचा अख्खा उतार फुलांनी पेटला होता. लालभडक, पिवळी, आणि मधूनच उंच, मखमली, जवळजवळ काळी.

"फुलं आहेत रे, सलीम."

"आहेत की."

"एस्तेर रविवारच्या शाळेत फळ्यावर नबो काढायची. रंगीत खडूंनी फुलं भरायची त्यावर. मी म्हणायचो, अगं, तो उघडा खडक आहे, पोरांना खोटं शिकवू नकोस. तर म्हणायची, जाऊन बघून या."

एस्तेर म्हणजे मामी. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मामा बहारीनला असताना त्या गावाकडे अचानक वारल्या, आणि मामा पोचेपर्यंत त्यांना माती देऊन झाली होती. याला तीन वर्षं झाली. हे त्यांनी मला त्या दिवशी, त्या उतारावर, पहिल्यांदा सांगितलं.

माथ्यावर ईसा उभा होता. खाली मृत समुद्र चमकत होता, पलीकडे तो कबूल केलेला देश धुरकट दिसत होता. मामांनी तिकडे चक्क पाठ फिरवली. फुलांच्या उताराकडे तोंड करून, दोन्ही हात वर करून, छाती फुटेस्तोवर ओरडले, "एस्तेर! जिंकलीस गं! फुलं आहेत!"

देवदर्शनाला आलेले चार लोक दचकून वळले.

"काय म्हणतात?" ईसानं विचारलं.

"बायको खरी ठरली म्हणतात," मी सांगितलं.

"मबरूक!" ईसानं हसत अभिनंदनाचा हात पुढे केला. मामांनी तो दोन्ही हातांत धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.