दिवे लागल्यावर नाव घेऊ नये

आमच्या थोरल्या भावजींपुढे दिवेलागणीनंतर कुठल्याही जनावराचं नाव घ्यायची सोय नव्हती. सापाला लांबडं म्हणायचं, वाघाला मोठं जनावर आणि तरसाला नुसतंच ‘त्ये’. "दिवं लागल्यावर नाव घेऊ न्हाई. नाव घेतलं की येतंय," एवढंच त्यांचं शास्त्र.

मी भोरची. दोन वेण्या, दहावी पास, आणि भोर म्हणजे मोठं शहर अशी माझी पक्की समजूत. लग्न होऊन वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, यांच्या वाडीत आले, तेव्हा पहिल्याच रात्री सगळे जेवत असताना मी ठसक्यात विचारलं, "इथं वाघ येतो का हो?" भावजींनी हातातला घास ताटात ठेवला, बाहेर गेले आणि सगळ्या शेळ्या घरात घेऊन आले. त्यातली एक रात्रभर माझ्या लग्नाच्या शालूवर बसली होती. माझ्या शहाणपणाचा वास त्या शालूला पुढे कितीतरी दिवस येत होता.

आणखी एक नाव घरात निघत नसे. भावजींचा एकुलता मुलगा नामदेव. शेळ्या विकण्यावरून बापाशी भांडला, शिवऱ्याला जाऊन हायवेवर एका ट्रकात बसला, तो गेलाच. जाऊबाई आधीच वारलेल्या. भावजी एकदाही त्याच्याबद्दल बोलले नाहीत. काय दगडाचं काळीज, असं सगळी वाडी म्हणे. मी तर दोनदा म्हणे.

त्यानंतर भावजी संध्याकाळी परगावी राहत नसत. विंझरला लग्न असलं तरी जेवून दिवसाउजेडी परत. रोज दिवा लागला की गोठ्यामागं जाऊन काहीतरी पुटपुटत. आम्ही म्हणायचो, म्हातारा देवाचं करतो.

पुढे माझा मिलिंद नोकरीला सिंगापूरला गेला. मला आणि भावजींना तिकडं बोलावलं, हे शेळ्या सांभाळायला मागं राहणार होते, तेव्हा भावजींनी फोनवर एकच चौकशी केली.

"तकडं सांज व्हती का रं?"

"होते की, आबा!"

"मग येतो."

आम्ही पोट धरधरून हसलो.

तिथं एका संध्याकाळी मिलिंदनं आम्हाला रात्रीची जनावरं दाखवायला नेलं. उघड्या डब्यांची छोटी गाडी, दोन्ही बाजूंना झाडी, मधेच चांदण्यासारखा मंद उजेड. पुढं एक मुलगी माइकवर एकेका जनावराचं नाव सांगत होती आणि मिलिंद मराठीत करून सांगत होता.

"आबा, तो बघा वाघ!"

भावजींनी त्याच्या मांडीला चिमटा काढला. "हळू! आन् त्या पोरीला गप बस म्हनावं. सगळ्यांची नावं घेत सुटलीय."

माझी नात चिऊ म्हणाली, "आबा, पण ते तर आलेलेच आहेत."

"मग? घे आनखी नावं!"

मी पदर तोंडात कोंबला. शेजारच्या डब्यातली परकी माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

पुढं एका वळणावर गाडी थांबली. त्या मुलीनं सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. दिवेही नव्हते. समोर नुसता काळोख, ओल्या पाल्याचा वास. मी भावजींच्या शेजारी. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला होता आणि त्या झाडीकडं तोंड करून ते अगदी हळू बोलले,

"नामदेवा... नामू... ये रं."

माझं हसू तोंडातल्या पदरातच राहिलं. गोठ्यामागचा देव कोण, ते मला परक्या मुलखात कळलं. सांज व्हती का, हे का विचारलं तेही.

वाडीत परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी दिवा लावला. भावजी गोठ्यामागं गेले. मी अंगणाच्या कडेला गेले, खालच्या रस्त्याकडं तोंड केलं आणि हाक मारली, "नामदेवाऽ! ये रे बाबा, भाकरी गार होतीय!"

गोठ्यामागचं पुटपुटणं थांबलं. मला वाटलं, आता शेळ्या येतात घरात.

मग तिकडून आवाज आला, "मिलिंदाची आई, जरा मोठ्यानं. वारं उलटं हाय."