लागलं का?

"लागलं का ओ मास्तर? लागलं का?"

नरसय्यामामा स्वतःच्या दाराच्या कुलपाला दोन्ही हातांनी लोंबकळत ओरडत होते आणि मी तोंडात ब्रश धरून गॅलरीतून ओरडत होतो, "लागलंय मामा, लागलंय!" कोपऱ्यावरून शिलाईवाल्या रझियाआपांनी साथ दिली, "लग्या मामू, लग्या!" मामांनी कुलूप पुन्हा ओढलं, चौकटीवरचा थोडा चुना खाली आला आणि आमच्या सोलापुरी गल्लीचा दिवस रीतसर उगवला.

मामा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. म्हणजे बिघडलेला माग वळणावर आणणारा माणूस. सगळा जन्म मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलण्यात गेलेला, त्यामुळे त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट मोहोळपर्यंत ऐकू जाते. त्यांचं 'लागलं का' कानावर पडलं की नवी पेठेतले सराफ दचकून उघड्या दुकानाचं शटर खाली ओढून बघतात, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच.

मामा भाजीला निघाले की कोपऱ्यावरून परत, कुलूप ओढून पुन्हा कोपरा, पुन्हा परत. शेवटी भाजीवालीच कंटाळून गाडा दाराशी आणू लागली. त्या ओढाओढीत घर दरसाल बोटभर रस्त्यावर सरकतंय, याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं.

गंमत इथवरच. मामांची एकुलती एक मुलगी सुजाता मोहोळला दिलेली. मोहोळ ते काय, डुलकी लागायच्या आत येतं. पण मामांनी तिचं घर पाहिलेलं नव्हतं. दर वेळी रिक्षा स्टँडपासून माघारी. आता तिला मुलगी झाली होती आणि तिने फोनवर बापाला ठणकावलं, "नान्ना, तुम्ही आल्याशिवाय मी तिला पाळण्यात घालणार नाही. बारसं तुमच्यासाठी थांबलंय."

तिनेच मग पुण्याच्या एका डॉक्टरीणबाई ऑनलाइन गाठून दिल्या. आजाराचं नाव ओसीडी, आपण ज्याला मंत्रचळ म्हणून हसतो. उपचाराचं नाव ईएमडीआर. मामांच्या तोंडी त्याचा 'यमडीआर' झाला.

"यम हाय म्हणल्यावर जरा भ्या वाटतंय की मास्तर."

लॅपटॉप माझा, खोलीही माझी. पडद्यावर एक ठिपका डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जायचा. मान न हलवता मामांनी नजरेने त्याच्या मागे जायचं आणि मनात येईल ते येऊ द्यायचं.

"म्याडम, धोटा लई सावकाश चाललाय. पट्टा ढिला हाय तुमचा."

"मामा, तो ठिपका आहे."

"हिकडनं तिकडं जातोय न्हवं? मग धोटाच."

मागावर आडवा धागा घेऊन धावतो तो धोटा. मधेच नेट गेलं की मामा गर्जना करत, "तार तुटली!" आणि त्यांची बोटं आपसूक हवेत तुटल्या धाग्याची गाठ मारू लागत. बाई शहाण्या. दुसऱ्या भेटीपासून त्याही ठिपक्याला धोटा म्हणू लागल्या.

खोलीत एकट्याने बसा, असं त्यांनी बजावलं होतं. मामा दार लावून एकटेच बसत, मी बाहेर गॅलरीत खिडकीशी. पण तो आवाज! गल्ली टीव्ही बंद करून ऐकायची.

सुरुवातीला बाईंनी जुनं काही उकरलंच नाही. जीव निवांत होईल अशी एखादी जागा डोळ्यांपुढे आणा, म्हणाल्या. मामांनी कारखाना आणला. भर दुपार, वीज गेलेली, सगळे माग गप्प. पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हात कापसाचे तंतू तरंगतायत, खाली यायचं विसरून गेलेले. मागावर अर्धी चादर. मोराची मान विणून झालीय, पिसारा अजून यायचाय.

"आवाज न्हाय म्याडम. कुटंच न्हाय."

शपथेवर सांगतो, त्या दिवशी आमच्या गल्लीत पान हलत नव्हतं, पण दोरीवरच्या चादरी संथ झुलायला लागल्या. माझ्या पंख्याने आपण होऊन वेग कमी केला. रझियाआपांचं मशीन शिवता शिवता थबकलं. उंबऱ्यावरचं मांजर डावीकडे बघ, उजवीकडे बघ करत झोपी गेलं आणि मीही बहुधा गेलो. स्वप्नात पिसारा पुरा झाला होता.

मग एका दुपारी बाईंनी विचारलं, "मामा, कुलूप तुमच्या हातात आहे. आता मनात काय येतंय?"

ठिपका जात-येत राहिला. मग मामा बोलले, आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलले. हळू म्हणजे तुमच्या-माझ्याएवढं.

"ती आत हाय."

ही ते आमच्या गल्लीत येण्याआधीची गोष्ट. त्यांची बायको लक्ष्मी सारखी आजारी असायची. कारखान्यातल्या पाळीवरून आल्यावर दार उघडायला तिला उठायला लागू नये म्हणून मामा जाताना बाहेरून कुलूप लावून जायचे. "झोप मोडू नये म्हणून ओ म्याडम." एक दिवस ते आले, कुलूप काढलं, तर दार ढकललं जाईना. ती आतून दाराला टेकून बसली होती. गेलेली. तिथवर उठून आली होती.

कोपऱ्यावर रझियाआपांनी टीव्ही लावला. मोठ्ठ्याने. मग पलीकडच्यांनी लावला, मग सगळ्यांनीच. कुणाला काही ऐकू येऊ नये म्हणून.

आमची समजूत, मामा चोराला भितात. ते विचारायचे 'लागलं का', आणि अख्खी गल्ली छाती फुगवून सांगायची, 'लागलंय, लागलंय!'

पुढेही बऱ्याच भेटी झाल्या. जादू काही झाली नाही. ओढणं कमी व्हायचं, मधेच वाढायचं, पुन्हा कमी व्हायचं. बाईंनी सुजाताकडून गल्लीला निरोप धाडला की मामांनी विचारलं तरी कुणी उत्तर द्यायचं नाही. सोलापूरच्या माणसाला विचारल्यावर गप्प बसायला लावणं हा मामांच्या उपचारापेक्षा अवघड उपचार होता.

बारशाच्या सकाळी मामा कडक इस्त्रीत बाहेर आले. पिशवीत नातीसाठी मोराची इवलीशी चादर. रिक्षा दारात. त्यांनी कुलूप लावलं. एकदा ओढलं. हात तिथेच राहिला. रझियाआपांनी तोंडावर ओढणी दाबून धरली. वरच्या दोरीवरच्या चादरीही थांबल्या.

मामांनी विचारलंच नाही. हात काढला, वळले आणि रिक्षात जाऊन बसले.

इतक्या वर्षांची सवय. राहवलं नाही मला.

"मामा, लागलं का ओ?"

मामांनी पिशवी मांडीवर नीट घेतली.

"आत कुणी न्हाय," ते म्हणाले.