तीन नंबरचा नमुना

शनिवारी सकाळी साडेआठच्या सुमारास तपासनिसांच्या लक्षात आलं की तीन नंबरच्या पिंजऱ्याचं झाकण उघडं आहे आणि आत फक्त अर्धवट कुरतडलेलं गाजर पडलं आहे.

आता झाकण उघडं राहणं ही कुणाच्याही घरी होणारी गोष्ट. पण हे गृहस्थ बावीस वर्षं प्लास्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात झाकणं तपासत होते. झाकण बसतं का, गळतं का, डबा उलटा धरून दहा वेळा हलवला तर निघतं का, हे सांगण्याचाच त्यांना पगार मिळे. त्यांच्या सहीशिवाय कारखान्यातून एक झाकण बाहेर पडत नसे. आणि आज त्यांच्या स्वतःच्या घरात, त्यांच्याच हातून, अख्खा उंदीर बाहेर पडला होता.

मुळात घरात उंदीर आला तोही त्यांच्याच पद्धतीमुळे. लेक नऊ वर्षांची. सहाव्या वर्षापासून तिला पाळायला काहीतरी हवं होतं. दोन खोल्यांच्या घरात मोठं जनावर नको, पिंजऱ्यात मावेल असं काहीतरी आणू, यावर तिघांचं पहिल्याच दिवशी एकमत झालं. पुढची तीन वर्षं तपासनीस 'कुठलं' याचा विचार करत होते. नमुना पाहिल्याशिवाय ते काही घेत नसत, आणि नमुना पाहिल्यावर तर मुळीच घेत नसत. पडद्याच्या कापडाचे अकरा तुकडे चार वर्षं घरात होते. रंग जातो का पाहायला ते अधूनमधून धुतले जात, आणि खिडक्यांवर जुन्या चादरी लटकत. स्वयंपाकघरातल्या फळीचा प्रकार ठरला नव्हता म्हणून चार प्रकारच्या फळ्या तितकीच वर्षं भिंतीला टेकून उभ्या होत्या. लग्नाचंसुद्धा बायकोनेच विचारलं होतं. त्यावर 'कळवतो' म्हणून हे जे गेले ते सात महिन्यांनी उगवले.

प्राण्यांच्या दुकानात ते लागोपाठ अकरा रविवार गेले. अकराव्या रविवारी दुकानदाराने हात जोडले. "साहेब, एक हॅम्स्टर न्या, एक गिनीपिग न्या. आठ दिवस घरी ठेवा, नको तो परत आणा. पण मला प्रश्न विचारू नका."

"दोनात तुलना होत नाही," तपासनीस म्हणाले. "निदान तीन तरी लागतात."

म्हणून तिसरा, पांढरा उंदीर. केवळ तक्ता भरायला.

घरी बायको शिवणाचं काम करायची. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन, तिथेच गिऱ्हाइकांची ये-जा. "उंदीर सोडून काहीही चालेल," असं ती पहिल्यापासून म्हणत आली होती, आणि तिसरा पिंजरा पाहिल्यावर तिने एवढंच सांगितलं, "रविवारी संध्याकाळपर्यंत ठरवा. नाहीतर तिन्ही परत, आणि या घरात पुन्हा हा विषय नाही." तिची वाक्यं थोडी असत, कारण तिच्या तोंडात बहुधा टाचण्या असत.

"बाबा, तीन नंबर कुठेय?" लेक मागे येऊन उभी होती. नमुन्यांना नावं ठेवायची नाहीत, नंबर द्यायचे, असा वडिलांचा दंडक होता.

"हळू बोल. आई ऐकेल."

"तू झाकण लावलं नाहीस?"

"वजन करायला काढला होता गं. परत ठेवला, आकडा लिहायला वळलो, आणि..."

लेकीचे डोळे भरून आले. गिनीपिग फ्रिज उघडला की शिट्ट्या मारायचा, एरवी कुणाला ओळख देत नसे. हॅम्स्टर दिवसभर झोपायचा आणि जागं केलं तर चावायचा. तीन नंबर मात्र तिसऱ्या दिवशीच तिच्या तळहातावर बसून मिशा पुसू लागला होता. "तोच एकटा माझ्याकडे येतो," ती पुटपुटली. मग तिला दुसरंच आठवलं. "बाबा! सिंकखाली आईने सापळा लावलाय!"

तपासनीस धावले. सापळा रिकामा होता. तो त्यांनी हलक्या हाताने उचलला. पण सापळा उत्तम प्रतीचा होता.

"काय झालं हो?" बाहेरून आवाज आला.

"काही नाही! सापळा तपासला!"

"मग?"

"पास!" बोट तोंडात धरून तपासनीस म्हणाले.

उंदीर सुटल्याचं बायकोला कळलं तर ती आधी स्टुलावर चढेल आणि स्टुलावरून थेट माहेरी जाईल, याबद्दल त्यांना शंका नव्हती. म्हणून दहा वाजता ती रिकाम्या पिंजऱ्यासमोर थांबली, तेव्हा त्यांनी घाईघाईने सांगून टाकलं, "तो नापास झाला. दूध आणायला गेलो तेव्हाच परत देऊन आलो."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या बोटाकडे पाहिलं. "हं," ती म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. खोटं इतकं सहज पचेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग शोध सुरू झाला. भिंतीला टेकलेल्या फळ्यांमागे ते बॅटरी घेऊन रांगत होते, तेवढ्यात बायको पाणी प्यायला आत आली.

"काय करताय?"

"मी... फळी लावतोय."

"कुठली?"

कुठलीतरी म्हणणं भाग होतं. "ही," त्यांनी हाताला लागली ती धरली. आणि एकदा म्हटल्यावर लावणंही भाग पडलं. अर्ध्या तासात चार वर्षांची फळी भिंतीवर चढली. बायको बाहेर गेली, लेकीला तिने हाक मारली, आणि पाच मिनिटांनी लेक तोंड धुऊन, डोळे पुसून परत आली.

"बाबा, मला वाटतं तो कपाटामागे असेल."

कपाट सरकवायचं म्हणजे कारण हवं. "इथे फार ओल येते, कपाट त्या भिंतीला नेतो," असं त्यांनी बायकोला सांगितलं. हे ती पाच वर्षं सांगत होती. कपाटामागे एक चमचा, दोन मोजे आणि हरवलेली वीजबिलं सापडली. उंदीर नव्हता.

"पडद्यांच्या दांडीवर चढला असेल," लेक म्हणाली. तपासनीस शिडीवर चढले, आणि बायको दारात.

"पडद्यांचं बघताय वाटतं?"

"हो. म्हणजे... निळं घेऊ. फिकट निळं." अकरा तुकड्यांतला एक त्यांनी डोळे मिटून निवडला. तासाभरात कापड आलं, मशीन घरघरू लागलं आणि संध्याकाळी जुन्या चादरी उतरून खिडक्यांवर पडदे आले.

रविवार उजाडला. लेकीच्या मते तीन नंबर माळ्यावर असण्याची दाट शक्यता होती. माळा रिकामा झाला. मग न्हाणीघराच्या कडी नसलेल्या दारामागे. कडी बसली. मग डुगडुगणाऱ्या टेबलाखाली. टेबल ताठ झालं. मधूनच तपासनीस बिस्किटाचा तुकडा धरून "ये रे, ये" करत आणि कुणाची चाहूल लागली की तो स्वतःच खाऊन टाकत. चार वाजेपर्यंत एक पुडा संपला होता.

पाच वाजता ते टेबलाशी बसले. टेबल हलत नव्हतं, खिडक्यांत फिकट निळा वारा खेळत होता, आणि त्यांना मात्र रडू येईलसं झालं होतं. त्यांनी बायकोला आणि लेकीला समोर बसवलं.

"मी खोटं बोललो. तीन नंबर परत दिला नव्हता. झाकण माझ्या हातून उघडं राहिलं आणि तो गेला. दोन दिवस शोधतोय." त्यांनी तक्ता उलटा करून ठेवला. "बावीस वर्षं लोकांची झाकणं नापास केली मी. आणि खरं सांगू का? या तक्त्याची गरजच नव्हती. पोरीच्या हातावर बसून तो मिशा पुसायला लागला, त्याच दिवशी मला कळलं होतं. तोच घ्यायला हवा होता. तेव्हाच म्हटलं असतं तर आज घरात असता."

"तोच?" बायकोने विचारलं. "पक्कं?"

"पक्कं. पण आता काय उपयोग?"

"बघा हं. मागाहून 'कळवतो' म्हणायचं नाही."

ती उठली आणि मशीनखालून चिंध्यांचा मोठा डबा घेऊन आली. डबा त्यांच्याच कारखान्याचा होता, झाकणाला सुईने भरपूर भोकं पाडलेली होती, आणि आत रेशमी चिंध्यांच्या गादीवर तीन नंबर बिस्किट खात बसला होता. तपासनिसांनी डबा हातात घेतला. बावीस वर्षांच्या सवयीने त्यांचं मनगट तो उलटा करायला वळलं.

"अहो!" "बाबा!" दोघी एकदम ओरडल्या.

डबा टेबलावर सुखरूप टेकल्यावर त्यांनी विचारलं, "हा तुला सापडला कधी?"

"काल नऊ वाजता. रीळ काढायला खण उघडला तर हा आत. तोंडात चौदा टाचण्या होत्या माझ्या, किंचाळणार कशी? एकेक टाचणी काढेपर्यंत हा माझ्याकडे बघत राहिला नि मी याच्याकडे. शेवटची निघाली तोवर किंचाळायचं राहूनच गेलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. तर आत येऊन बघते, तुम्ही फळी लावताय. चार वर्षांनी! म्हटलं, कशाला मोडता घाला?"

लेक टेबलाखाली तोंड लपवून हसत होती. तपासनिसांना रागवायचं होतं, पण उंदीर चिंध्यांतून वर आला, त्यांच्या सुजलेल्या बोटाचा वास घेतला आणि तिथेच बसून मिशा पुसू लागला, तेव्हा तेही राहून गेलं. सहाच्या आत हॅम्स्टर आणि गिनीपिग परत पोचले. "ठरलं?" दुकानदाराचा विश्वास बसेना.

दोन महिने शांततेत गेले. तीन नंबरला नाव मिळालं नाही. नंबरच अंगाला चिकटला. पिंजऱ्याचं झाकण तपासनीस दोनदा लावत, तीनदा ओढून पाहत, मगच कामाला जात.

आणि एका रविवारी सकाळी झाकण पुन्हा उघडं. आत अर्धवट कुरतडलेलं गाजर.

तपासनीस झाकणापाशी वाकले. ते त्यांनी स्वतः बसवलं होतं, तीनदा ओढलं होतं. असं झाकण आपोआप उघडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी बाहेर पाहिलं. बायको खाली मान घालून शिवत होती, तोंडात टाचण्या. मशीनखालच्या डब्यातून काहीतरी खुडबुडत होतं.

"बाबा," लेक अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मला वाटतं तो न्हाणीघरातल्या गळक्या नळामागे गेलाय."

तपासनिसांनी लेकीकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं. ते माळ्यावर चढले आणि पाना घेऊन उतरले.