केकच्या खालचे वाघमारे काका

कुणाच्याही वाढदिवसाला जा, केक आला की सगळे तो वरून बघतात. आमचे वाघमारे काका खाली वाकतात. गुडघ्यांवर हात टेकून, मान तिरकी करून, टेबलाच्या कडेला डोळा लावून केकच्या खालचा बोर्ड बघतात. वर मेणबत्त्या पेटलेल्या, सगळे गाणं म्हणायच्या तयारीत, आणि काका खालून विचारतात, "जाडी किती हो याची?" एकदा कुणाला वाटलं, यांचं काहीतरी पडलंय, म्हणून त्यानं मोबाइलची बॅटरी लावली. काका म्हणाले, "हां, तशीच धरा."

हसा खुशाल, पण माझ्यासमोर नको. मला या माणसाचा फार अभिमान आहे.

काका रहाटणीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला माल मोजायचा आणि चुकला असेल तर त्यावर लाल खूण करून परत पाठवायचा. रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी काकू गेल्या. त्याच सुमारास माझ्या नवऱ्याच्या कंपनीतली एक शिफ्ट बंद झाली आणि मी घरी केक करायला लागले.

पहिली मोठी ऑर्डर दोन मजली केकची होती. मी दुकानातून पातळ पुठ्ठ्याचा बोर्ड आणला होता. जिन्यात केक जरा तिरका झाला, पुठ्ठा मधोमध वाकला आणि क्रीमला ही एवढी भेग! मी पायरीवरच रडत बसले. काका भाजी घेऊन वर येत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बोर्डाकडे बघितलं. "केकची चूक न्हाई ही, वैशाली. बूड कच्चं हाय." आणि घरात जाऊन जुन्या कपाटाची फळी काढून आणली.

त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून माझा एकही केक बाजारच्या बोर्डावर गेलेला नाही.

काका आधी केकचं वजन विचारतात, मग नक्षी विचारतात. बोर्ड केकपेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठा. मजले वाढले की फळी जाड. पांढऱ्या केकखाली पांढरा कागद चालणार नाही. "साडीला काठ दिसला पायजे की न्हाई?" म्हणतात. कागद लावताना कडेला बारीक चुण्या घालतात, त्या झाकायला मागून दुसरा गोल कागद, आणि कडेनं रिबीन. खाली चार छोटे पाय, उचलताना बोटं आत जावीत म्हणून. आणि पाठीवर पेन्सिलीचा एक बाण. "केक ठेवताना बाण तुझ्या पोटाकडं. इसरायचं न्हाई." मी म्हणायचे, गोल बोर्डाला कसली आलीय पुढची बाजू! पण कंपनीतली सवय, जाणार थोडीच.

कागदाखाली मोहरीएवढा हवेचा फुगा राहिला तरी बोर्ड नापास. नापास बोर्ड पलंगाखाली. माझ्या घाईच्या दिवशी मी कितीदा तरी ओरडलेय, "अहो, गिऱ्हाइकाला नाही दिसत तो!"

"मला दिसतोय ना."

संपलं.

तर यंदा काळेवाडीत एक नवीन मंगल कार्यालय झालं. त्यांना दर्शनी काचेच्या कपाटात एक तीन मजली केक मांडायचा होता. ज्याचा केक निवडतील त्याच्याकडे तिथल्या सगळ्या लग्नांचे केक. आमच्या घराला त्याची किती गरज होती हे मी सांगत बसत नाही. फक्त अट अशी होती की सगळ्यांनी केक कार्यालयाच्याच बोर्डांवर मांडायचे.

हे ऐकून काकांचा चेहराच उतरला. "माझ्या बोर्डाशिवाय? नगं वैशाली. त्यास्नी इचारून बघ."

"काका, सगळ्यांना एकच नियम आहे. तुमचा मान एक दिवस बाजूला ठेवा!"

फटकन बोलून गेले मी. तोंडाला माझ्या लगाम नाहीच. काका उठून आपल्या घरात गेले. पण निघताना बघते तर खांद्यावर भली मोठी पिशवी अडकवून रिक्षाजवळ हजर.

कार्यालयात मी केक मांडला. शेवटचं फूल लावलं. मॅनेजर बाई दोन पावलं मागे गेल्या, मान वाकडी केली आणि म्हणाल्या, "ताई, हा डावीकडे कललाय का?"

मी बघितलं. कललाच होता.

"केक न्हाई, बोर्ड वाकडा हाय तुमचा!" काका इतक्या जोरात बोलले की बाकीच्या बायकाही वळून बघायला लागल्या. त्यांनी पिशवीतून स्वतःचा बोर्ड काढला. बाईंनी "बरं, बघू" म्हटलं. आम्ही दोघांनी श्वास रोखून केक उचलून त्यावर घेतला, बाण माझ्या पोटाकडे. केक सरळ! अगदी ताठ!

"खरंच की हो," बाई म्हणाल्या. तासाभरात निकाल लागला. काचेच्या कपाटात माझा केक.

मला तर नाचावंसं वाटत होतं. बाईंना आणखी पटवावं म्हणून मी काकांच्या पिशवीतली सपाटी बघायची पाणसळ काढली आणि कार्यालयाच्या रिकाम्या बोर्डावर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. कार्यालयाचा बोर्ड सरळ होता! काकांनी पाणसळ झटकन उचलून पिशवीत टाकली.

परतताना रिक्षात त्यांचा जादा आणलेला बोर्ड माझ्या मांडीवर होता. मी तो उलटा केला. डावीकडचे दोन पाय उजवीकडच्यांपेक्षा उंच. याला मागचा कागद लावायचा राहिला होता; पायांशेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं: 'वैशाली. डावीकडं तीन मिमी.'

"काका, हे काय?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. "केकचा स्पंज कापताना तुझा हात डावीकडं उतरतो. पयल्यापासून."

"तीन वर्षं? आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत? मोहरीएवढ्या फुग्याला बोर्ड नापास करता तुम्ही!"

"बोर्ड माझा असतो."

मग म्हणाले, "तीस वर्षं लोकांच्या मालावर लाल खूण केली गं. ज्याचा माल परत जायचा, तो जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर बसायचा न्हाई. बरोबरच हाय, कोण बसंल? डबा एकट्यानंच खाल्ला. तू रोज चार वाजता चहाला येतीस. म्हटलं तीन मिलिमीटर तर हाय, पाय वाढवून टाकू."

आणि आज चांगल्या बोर्डाला माझ्यासाठी चारचौघांत वाकडा म्हणाले होते. तीस वर्षांत खोटं माप न सांगितलेला माणूस! मला रडू फुटलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"उद्यापासून माझा स्पंज मोजायचा. वाकडा असला तर तोंडावर नापास म्हणायचं. आणि चहाला मी येणारच!"

"हौ," ते म्हणाले आणि पिशवीचा बंद सोडून पुन्हा बांधत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओट्यापाशी त्यांनी तीन स्पंज मोजले. पहिला नापास. दुसरा नापास. तिसऱ्याला पट्टी लावून म्हणाले, "अर्धा मिलिमीटर. नापास." मी सुरी आपटली. तोंडाला येईल ते बोलले. ते पट्टी पुसत निघून गेले.

चार वाजता मी त्यांची बेल वाजवली. काकांनी दार उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिले. आत टेबलावर एकच कप मांडलेला होता.

मी त्यांना बाजूला सारून आत गेले आणि फळीवरून माझा कप काढून घेतला.